पेटी की खुर्जी? लांबच्या सफरीवर निघणाऱ्या मोटारसायकलस्वाराने करावयाचा हिशेब

मोटारसायकल घेणारे गिऱ्हाईक पूर्वी दोनच गोष्टी विचारी: एका लिटरला किती धावते आणि विकायला काढली तर किती येतील. आता तिसरा प्रश्न आला आहे, तो म्हणजे लडाखपर्यंत जाईल का? २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २०० बाजारात आली. कच्च्या रस्त्याच्या गाड्या त्यामुळे मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यात आल्या. मुंबई-पुण्याकडील मुले सुट्टी जमवून मनाली-लेह आणि स्पितीच्या वाटेला लागली. गाडीपाठोपाठ सामानाचा बाजारही उभा राहिला आहे. मागे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या लावाव्यात की कापडाच्या पिशव्या टाकाव्यात, हा त्या बाजारातला पहिला सवाल. प्रश्न हौसेचा वाटला तरी त्यात पैसा आहे आणि पायाचे हाडही आहे. म्हणून त्याचा नीट हिशेब मांडणे जरूर आहे.

जुनीच वस्तू, नवे नाव

घोड्याच्या किंवा उंटाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या जोडपिशवीला उर्दूत खुर्जी म्हणतात. मराठीतही हा शब्द जुना आहे. आजची सॅडल बॅग म्हणजे हीच खुर्जी. पेटीची प्रतिष्ठा अलीकडची. बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० मध्ये आर ८० जी/एस ही गाडी काढली आणि पक्का व कच्चा असे दोन्ही रस्ते तोडणाऱ्या मोठ्या मोटारसायकलींचा वर्ग रुजला. २००४ मध्ये इवान मॅकग्रेगर व चार्ली बूरमन हे दोघे नट बीएमडब्ल्यू गाड्यांवरून लंडनहून न्यूयॉर्कला गेले. त्या सफरीची मालिका जगभर पाहिली गेली. तेव्हापासून चकाकत्या पेट्या म्हणजेच खरा प्रवासी, असे चित्र पुष्कळांच्या मनात बसले. चित्र पाहून माल घेणाऱ्याचा खिसा लवकर रिकामा होतो.

पेटीचे गुण

पेटीला कुलूप लागते. ढाब्यावर जेवताना किंवा लॉजखाली गाडी उभी करताना सामान सुरक्षित राहते. झाकणाचे रबर शाबूत असेल तर पाणी आत शिरत नाही. कॅमेरा दबत नाही. पेटी काढून ठेवली की बसायला पाट होतो. ॲल्युमिनियमला पोचा पडला तर गावातला डेंटिंगवालाही हातोडीने ठोकून देतो. प्लास्टिकची पेटी मात्र तडकली की कामातून गेली. रोज पक्क्या सडकेने जाऊन रात्री शहरात मुक्काम करणाऱ्यास पेटीसारखे सुख नाही.

पेटी कुठे नडते

पहिली अडचण वजनाची. दोन रिकाम्या पेट्या आणि त्यांची लोखंडी फ्रेम मिळून पंधरा किलोच्या आसपास भार होतो, आणि अजून एक सदराही आत गेलेला नसतो. कापडाच्या जोडीचे वजन साधारण चार-पाच किलो भरते. मोठ्या विदेशी गाडीला हा फरक जाणवणार नाही. आपल्याकडच्या दोनशे ते साडेचारशे सीसीच्या गाडीला चढावर आणि वाळूत तो जाणवतो. शिवाय हा भार मागच्या चाकाच्याही मागे आणि बाहेरच्या अंगाला पडतो, त्यामुळे पुढचे चाक हलके होते.

दुसरी अडचण रुंदीची. पेट्या हँडलइतक्या किंवा त्याहून रुंद होतात. ट्रकांच्या रांगेतून गाडी काढताना पुढचे हँडल गेले म्हणून मागचे जाईलच, असा भरवसा धरता येत नाही.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. ग्रांफू ते बाताल या स्पितीच्या वाटेवर दगडगोट्यांतून नाले ओलांडावे लागतात. दुपारी बर्फ वितळले की पाणी चढते. अशा जागी स्वार तोल सावरण्यासाठी पाय खाली टेकतो, गाडी मात्र पुढे सरकत असते. मग पेटीची धार पोटरीवर किंवा घोट्यावर मागून आदळते. गाडी आडवी झाली तर पाय जमीन आणि पेटी यांच्यामध्ये सापडू शकतो. कापडी पिशवी अशा वेळी दबते, धातूची पेटी दबत नाही. डोंगरात घोटा मोडला तर इस्पितळ तासा-दोन तासांत मिळेलच असे नाही. कच्च्या वाटेचे जाणकार स्वार मऊ सामान पसंत करतात ते मुख्यत्वे याच कारणाने.

पडताना पेटी एखादे वेळी गाडीला वाचवते, हेही खरे. पण जोराच्या धक्क्याने फ्रेम वाकते, झाकण बसेनासे होते आणि मग पाणी व धूळ दोन्ही आत येतात. ॲल्युमिनियमच्या पेटीत सामान हादऱ्यांनी घासून काळी भुकटी सुटते आणि पांढरे कपडे काळे होतात. म्हणजे पेटीतही आतली पिशवी लागतेच.

कापडाची पारख

आता आम्हा कापडवाल्यांच्या विषयाकडे येऊ. दुकानदार सांगतो, ‘हजार डेनिअरचा माल आहे.’ गिऱ्हाईक मान डोलावते. डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. त्यावरून धागा किती जाड आहे ते कळते, किती मजबूत आहे ते कळत नाही. शाळेच्या दप्तराचे सहाशे डेनिअरचे साधे पॉलिएस्टर आणि उच्च ताकदीचे पाचशे डेनिअर नायलॉन शेजारी ठेवले, तर खडकावर घासताना कमी आकड्याचे कापड जास्त टिकू शकते. कॉर्ड्युरा हे नावही सर्रास वापरले जाते. ती नोंदणीकृत नाममुद्रा आहे. कुठल्याही जाड नायलॉनला ते नाव लावणे म्हणजे गिऱ्हाईकाची फसवणूक.

प्रत्येक कापडाचा स्वभाव वेगळा. नायलॉन घासणीला पक्के, पण थोडे पाणी पिते आणि कडक उन्हात लवकर कमजोर होते. पॉलिएस्टर उन्हात जास्त टिकते, घासणीत थोडे मागे पडते. पीव्हीसीची ताडपत्री जड असते, पण तिचे जोड शिवावे लागत नाहीत, उष्णतेने चिकटवता येतात. सायलेन्सरला टेकले तर यांतले प्रत्येक कापड वितळते; म्हणून त्या बाजूला पत्र्याची आड हवीच.

खरी कसोटी शिलाईची आहे. सुई गेली तिथे भोक पडले. कापडाला आतून कितीही लेप असो, जोडावर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी येणारच. पाणी काही काळ थोपवणारा माल आणि पाणी अजिबात न येऊ देणारा माल, असे दोन निरनिराळे दर्जे आहेत. पहिला दुसऱ्याच्या नावाने विकला जातो, तिथे घात होतो. बारालाचा खिंडीसारख्या सोळा हजार फुटांच्या जागी गारा-पावसात भिजलेल्या माणसाकडे कोरडे कपडे नसतील, तर तो केवळ गैरसोयीचा मामला राहत नाही.

घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. तोंड चेनचे नसून तीन वेळा गुंडाळून बक्कल लावण्याचे असावे. आत वेगळी सुटी अस्तरपिशवी असावी. मुक्कामी तेवढीच काढून खोलीत नेता येते, आणि कुलपाची उणीव थोडी भरून निघते. पट्ट्यांची सुटी टोके बांधून ठेवण्याची सोय असावी, नाहीतर ती चाकात किंवा चेनमध्ये जातात. लेपाचे आयुष्य मर्यादित असते. आतून कापड चिकट लागू लागले की पिशवी बदलण्याची वेळ झाली. आणि सफरीआधी घरीच पिशवीत कोरडे वर्तमानपत्र घालून पंधरा मिनिटे नळीने पाणी मारावे. कागद ओला झाला, तर जाहिरात काहीही म्हणो, माल कच्चा आहे.

कोणी काय घ्यावे

पक्की सडक, शहरातला मुक्काम, मोठी गाडी आणि महागडी यंत्रे सोबत असतील तर पेटी घ्यावी. परदेशी नाममुद्रेची जोडी फ्रेमसह लाखाच्या घरात जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. मध्यम गाडी, कच्ची वाट आणि बेताचे बजेट असेल तर खुर्जीच बरी. ती फाटली तर रस्त्यावरचा मोचीही जाड सुईने टाके घालून देतो. अवजारे आणि जड वस्तू तळाशी, गाडीच्या मध्याजवळ ठेवाव्यात. दोन्ही बाजूंचे वजन सारखे करावे. गाडीच्या पुस्तकात दिलेली भाराची मर्यादा ओलांडू नये.

आपल्या कारखानदारांनाही यात रोजी आहे. मदनपुरा आणि धारावीतील कारागीर वर्षानुवर्षे बॅगा शिवत आहेत. हाताची सफाई त्यांच्याकडे आहे. कमतरता आहे ती योग्य कापडाची, जोडावर पट्टी बसवणाऱ्या गरम हवेच्या यंत्राची आणि लेबलवर खरे तेच लिहिण्याच्या शिस्तीची. पहिल्या दोन गोष्टी पैशाने येतात. तिसरीला पैसा लागत नाही, पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुकानात येते ते तिच्यामुळेच.