फोटोखालची ओळ

बार्शीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, वाढदिवस, पासपोर्टचे फोटो हे रोजचं काम. लांडगा डोक्यात शिरला तो वैराग-नान्नज रस्त्यावर. सोलापुरातलं एक लग्न आटोपून बार्शीला परतत होतो. तांबडं फुटलं होतं. रस्त्याकडेच्या ज्वारीतून एक जनावर निघालं, डांबरी ओलांडली आणि माळाला लागलं. मी कॅमेरा काढेपर्यंत तिथं नुसतं गवत हलत होतं. शेजारी बसलेला पोरगा म्हणाला, ‘कुत्रं होतं, दादा.’ मला लांडगा वाटला होता, पण पैज मारायची छाती होईना. सोलापूर जिल्ह्यात जन्म गेला आणि लांडगा कसा दिसतो हे मला धड सांगता येत नव्हतं.

ते शिकायला मी पुण्याला गेलो. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय 1999 पासून सुरू आहे. बुधवारी बंद असतं, म्हणून गुरुवार धरला. बहुतेक माणसं वाघाकडे जातात. लांडग्यापाशी माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच ठेवला.

पाय नजरेत भरले. गावातल्या कुत्र्यापेक्षा केवढे लांब! आपला लांडगा साधारण वीस किलोचा, म्हणजे अंगानं फार मोठा नाही, पण त्या पायांमुळे उंच वाटतो. छाती अरुंद, पुढचे दोन्ही पाय जवळजवळ, पोट आत ओढलेलं. शेपूट खाली लोंबती, टोकाला काळी. कुत्र्यासारखी ती पाठीवर वळत नाही. केस राखाडी-तपकिरी, पाठीवर काळ्याची झाक. सुकलेल्या पवन्या गवतात हा बसला तर दहा पावलांवरून दिसायचा नाही. आणि डोळे पिवळे, गुळाच्या पाकासारखे. चालताना डोकं खांद्याच्या रेषेत राहतं, वरखाली होत नाही. त्या पहाटेच्या जनावराचं चालणं मला एकदम आठवलं. तो लांडगाच होता.

मग फोटो. जाळीतून फोटो काढायची रीत सोपी आहे, धीर मात्र लागतो. लेन्स जाळीच्या जेवढी जवळ नेऊ देतात तेवढी न्यायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि जनावर जाळीपासून लांब जाईपर्यंत थांबायचं. तारा धूसर होत होत विरून जातात. जाळीवर ऊन पडत असेल तर त्या चकाकतात. तेवढा भाग सावलीत येईल अशी जागा शोधायची. फ्लॅश नाही. शीळ नाही, टाळी नाही. एक कुटुंब आलं, लेकरं ‘यू यू’ करून ओरडायला लागली. लांडग्यानं कान मागं पाडले आणि तो उठून आडोशाला गेला. मी त्या लेकरांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचे डोळे मोठे करून दाखवले. मग ती गप्प बसली, आणि तो परत आला.

इतक्या जवळून डोळा टिपायची हौस असेल तर ती इथंच भागवावी, असं मी आता प्रत्येक हौशी फोटोग्राफरला सांगतो. आपल्याकडची लांडगी बहुधा हिवाळ्यात विते. बिळाचा पत्ता एकाला कळला की चार गाड्या जातात. माणसांचा राबता वाढला की लांडगी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत कुत्री, रस्ता, थंडी काहीही आडवं येऊ शकतं. एका फोटोसाठी एवढी किंमत तिनं का मोजावी?

त्यांची संख्या तरी किती? 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे 3,100 प्रौढ लांडगे आहेत. कायद्यानं लांडग्याला वाघाइतकंच संरक्षण आहे, पण तो जिथं राहतो त्या माळाला सरकारदरबारी पडीक म्हणतात. नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. त्या गवताच्या आसऱ्यानं काळवीट, खोकड आणि लांडगाही टिकला. जनुकं तपासणारे सांगतात की आपल्या द्वीपकल्पातल्या लांडग्याचा वंश जगातल्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे. प्राणिसंग्रहालयात त्याची पैदास करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. पण बंदिस्त वाढलेलं पिल्लू माळावर सोडणं अवघड असतं. शिकार त्याला आईबापानं शिकवलेली नसते आणि माणसाचं भय गेलेलं असतं.

मोठा धोका मोकाट कुत्र्यांचा. पुणे जिल्ह्यातल्या माळावर काही लांडगे भलत्याच पिवळसर रंगाचे दिसले, त्यांचे फोटो निघाले, शंका आली. पुढे 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून कुत्र्याशी संकर झाल्याचं सिद्ध झालं. म्हणजे रंग खरा दाखवणारा साधा फोटोही पुरावा ठरू शकतो. म्हणून मी लांडग्याच्या फोटोचे रंग कधी गडद करत नाही. आणि खाली ओळ लिहितो: कुठं काढला, बंदिस्त की मोकळा. पिंजऱ्यातला लांडगा माळावरचा म्हणून खपवला की पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या जवळ जाता येतं.

कात्रजचा एक फोटो मोठा करून स्टुडिओत लावला, तेव्हा ती ओळ लिहायची राहून गेली होती. एके दिवशी सरकारी कामाला फोटो हवा म्हणून एक म्हातारे धनगर आले. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. बसायच्या आधी फोटोसमोर उभे राहिले. मी विचारलं, ‘ओळखलं का मामा?’

‘न वळखाया काय झालं? औंदा दोन कोकरं नेली की. वाघर लावलेली, कुत्री राखणीला, तरी नेली.’ आवाजात राग नव्हता. मग जवळ जाऊन म्हणाले, ‘पर ह्यो कोंडलेला हाय.’

‘कशावरून?’

‘तुमच्याकडं बघत बसलाय. माळावरचा एकदा बघतो आन् निघतो.’

त्यांचा फोटो काढला, पैसे घेतले नाहीत. ते गेल्यावर काळं स्केचपेन घेऊन चौकटीखाली लिहिलं: लांडगा, कात्रज, बंदिस्त.