बाकीच नाही, तर वीस टक्के कशाचे?

ऑक्टोबर 2020. सदाशिव पेठेतल्या एका बँकेबाहेर चुन्याने आखलेल्या चौकटींत माणसं उभी आहेत. शिपाई ताप मोजून एकेकाला आत सोडतोय.

रांगेत पुढे हातगाडीवर चहा विकणारे काका आहेत. पिशवीत महापालिकेचं शिफारसपत्र, आधार कार्ड, पासबुक. फेरीवाल्यांसाठीच्या 'स्वनिधी' योजनेचं दहा हजारांचं कर्ज घ्यायला आलेत. तारण नाही, वर्षभर हप्ते, वेळेवर फेडले तर व्याजात 7 टक्के सवलत. "गॅस, दूध, गाडीची डागडुजी. एवढ्यात भागतं माझं," काका मास्कआडून सांगतात.

त्यांच्यामागे खानावळवाल्या मावशी. स्पर्धा परीक्षांची मुलं मार्चमध्येच गावी गेली. 5 तारखेपासून निम्म्या क्षमतेनं खानावळी उघडायला परवानगी आहे, पण 11 तारखेची एमपीएससी पुन्हा पुढे गेली. मुलं यायची कशाला? गाळ्याचं भाडं मात्र महिन्यामागून महिना थकतंय.

"साहेब, सरकार हमी घेतंय म्हणे. तीन लाख कोटींचं आहे ना ते?"

"ताई, 29 फेब्रुवारीला तुमचं कर्ज किती बाकी होतं?"

"एक पैसा नाही! कुणाचं देणं ठेवलं नाही कधी."

साहेबांचं पेन थांबतं. "मग नाही बसत तुम्ही. बाकी कर्जाच्या 20 टक्के मिळतात यात. बाकीच नाही, तर वीस टक्के कशाचे?"

"मग त्या काकांसारखे दहा हजार?"

"ते फेरीवाल्यांना. तुमचा गाळा आहे. मुद्राचं बघू, पण सध्याची उलाढाल दाखवा."

उलाढाल शून्य आहे. मावशी वाद घालत नाहीत. कागद नीट एकावर एक लावतात, पुन्हा पिशवीत घालतात.

साहेब नियमानेच बोलताहेत. ज्यांची खाती, कागद बँकेत आधीच होते, त्यांना या हमी योजनेत झटपट पैसे मिळाले. अनेक कारखाने त्यावर तगले, हे मान्यच. पण आयुष्यभर उधारी टाळलेल्या बाईला त्याच नियमानं बाहेर ठेवावं, हे मला पटत नाही. शिवाय कर्ज मिळालं असतं, तरी बंद महिन्यांचं भाडं त्यातून देऊन हाती फक्त हप्ते उरले असते. उलट अमेरिकेनं छोट्या धंद्यांना पगारासाठी दिलेलं कर्ज, पगार वाटल्याचं दाखवलं की माफ केलं.

कर्ज काकांच्या कामी येतं, कारण त्यांचं गिऱ्हाईक परतलंय. मावशींचं अजून यायचंय. सरकारनं शटर बंद करायला लावलं, तर त्या महिन्यांचं भाडं आणि पगार सरकारनंच द्यावा, आणि तेही परत न मागता.