तेराव्या वर्षी खेळ का थांबतो?

परवा संध्याकाळी भाजी निवडत गॅलरीत बसले होते. खाली पोरांच्या क्रिकेटचा गलका चालला होता. सहज मोजलं, तर चौदा मुलगे आणि मुलगी एकही नाही! दोन वर्षांपूर्वी याच घोळक्यात माझी लेक धावायची. लंगडीत कुणाच्या हाती लागायची नाही. आता ती तेरा वर्षांची आहे. आणि त्या वेळी ती आत कणीक मळत होती. तिला हाक मारून वर बोलावलं होतं ते मीच.

'खेळू नकोस' असं तिला घरात कुणीच म्हटलं नव्हतं. आधी क्लास आला. मग पाळी सुरू झाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता उड्या पुरे हं." मी गप्प बसले. शेवटी शेजारच्या वहिनींनी "पोर किती काळवंडली हो!" म्हटलं आणि खेळ संपला.

हे आपल्याकडेच घडतं असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध केली. २०१६ च्या त्या आकड्यांनुसार शंभरातल्या ७८ मुलग्यांची आणि ८५ मुलींची पुरेशी हालचाल होत नव्हती. म्हणजे मुलगेही काही फार पुढे नाहीत! पुरेशी म्हणजे किती, तर रोज सरासरी तासभर, चांगला दम लागेल अशी. आठवड्यातून तीनदा तरी हाडा-स्नायूंना जोर पडेल असा खेळ हवा. याच वयात हाडांत भर पडते. पुढे चाळिशीत कंबर धरून बसणाऱ्या आपणा बायकांना हे वेगळं सांगायला नकोच.

पाळीत खेळल्यानं काही बिघडतं, या समजुतीला आधार नाही. तिला खेळावंसं वाटत असेल तर खुशाल खेळू द्यावं. फार दुखत असेल किंवा अंगावरून फार जात असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. आणि बुटांवर खर्च करतो तसा खेळताना घालायच्या चांगल्या ब्रावरही करावा. कित्येक मुली संकोचानं मैदान सोडतात आणि आईला कारण सांगत नाहीत.

खेळ म्हणजे महागडं कोचिंगच असं कुठे आहे? खो-खोला दोन खांब आणि चुन्याची फक्की पुरते. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खोच खेळायची. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीला झाली. ती जिंकणाऱ्या आपल्या मुलींची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

आम्ही चौघीजणी मग जवळच्या शाळेत गेलो. मैदान केवढं, पण पाच वाजता फाटकाला कुलूप! मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "कुणाला लागलं तर जबाबदारी कोणाची?" प्रश्न रास्त होता. आम्ही लिहून दिलं: आठवड्यातून तीन दिवस, साडेपाच ते साडेसहा, दोन आया पाळीपाळीनं हजर राहतील, औषधाची पेटी आमची. एकच हट्ट धरला, संडास उघडा हवा. त्याशिवाय मुली तासभर थांबत नाहीत.

फी ठेवली नाही, म्हणून आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींची मुलगीही येते. पहिल्या दिवशी ती फाटकाशीच उभी राहिली होती. आता तिला बाद करताना साऱ्यांची दमछाक होते. मावशी मात्र कुरकुरल्या, "बाई, पोरगी खेळाया गेली तर धाकट्याला कोण धरंल?" धाकटाही येतो आता. ज्या आयांची पाळी असते, त्या त्याला मांडीवर घेऊन बसतात.

आणि कणीक? त्या तीन दिवशी ती मुलगा मळतो. पहिल्यांदा परातीत पाण्याचं तळं झालं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पिठाचा डबा त्याच्याकडे सरकवला.