अनेक अटी, एक सूत्र

मुलांनो, १९०० या सालास चाराने भाग जातो. तरीही ते लीप वर्ष नव्हते. १५८२ साली प्रचारात आलेल्या ग्रेगरियन कालगणनेचा नियम असा: वर्षास ४ ने भाग जावा आणि १०० ने जाऊ नये, किंवा ४०० ने भाग जावा. म्हणून २००० मात्र लीप ठरले.

संगणकाच्या कोष्टकात हा नियम एकाच सूत्रात बसतो. ‘आणि’ने जोडलेल्या सर्व अटी पूर्ण व्हाव्या लागतात, ‘किंवा’ने जोडलेल्यांपैकी एक पुरते. परंतु गाळलेली अट संगणक आपण होऊन भरून काढीत नाही. एक्सेलच्या नेहमीच्या दिनगणनेत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आजही नांदतो! तेव्हा सूत्र मांडण्यापूर्वी नियम शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा.