आवळा आणि विडी

“आम्ही रोज दोन आवळे खातो, मग विडी सोडायची कशाला?” असा प्रश्न आम्हांला पुष्कळदा ऐकावा लागतो. श्रोतेहो, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. विडी-सिगारेटचा धूर छातीत गेला की त्यातील जहाल कणांना आवरण्यासाठी शरीर आपली रक्षक द्रव्ये, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, खर्ची घालते. त्यांतले एक प्रमुख द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व. म्हणूनच अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००० साली, धूम्रपान करणाऱ्यास इतरांहून रोज ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व अधिक लागते, असे ठरविले.

पहारेकरी असे घटले की रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल जणू गंजते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचू लागते. जास्तीचे कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारे एचडीएल, तेही धुराने उतरते. स्त्रियांत हे एचडीएल पुरुषांपेक्षा सामान्यतः अधिक असते. निसर्गाने दिलेली ही ठेव धुरापायी उधळली जाते.

मग गोळ्या घेऊन भरपाई होईल काय? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर तसा प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते उलटेच! बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

तेव्हा आवळा जरूर खावा. पण फुटक्या रांजणात पाणी किती ओतणार? आधी भोक बुजवावे. धूम्रपान सोडले की एचडीएल पुन्हा चढू लागते. आता उशीर झाला, असे कोणीही समजू नये.