दर दोनशे विड्यांमागे एकदा उठा. मिनिटभराची धावपळही बाईच्या हृदयाला मोलाची

सोलापूर : भवानी पेठेत आणि शहराच्या पूर्व भागात गल्लीतून गेलं की उंबऱ्याशी विड्या वळत बसलेल्या बाया दिसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हजार विड्या पुऱ्या करायच्या म्हणजे तासन्‌तास बैठक. कुंभारीच्या घरकुलातही तेच चित्र. "दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता?" असं या बाया म्हणतात. आमच्या घरातही हेच ऐकतो. म्हणणं खोटं नाही. पण विडी वळताना बोटं राबतात, पाय मात्र आखडून बसलेले असतात.

डिसेंबर २०२४ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या, व्यायाम न करणाऱ्या २२ हजारांवर लोकांच्या मनगटाला हालचाल मोजणारं यंत्र लावलं आणि पुढे सुमारे आठ वर्षं त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवली. कामाच्या ओघात रोज सरासरी साडेतीन मिनिटं दम लागेल अशी हालचाल करणाऱ्या बायकांमध्ये हार्ट अटॅक, लकवा, हृदय निकामी होणं हे प्रकार, तशी हालचाल अजिबात नसलेल्यांपेक्षा ४५ टक्के कमी दिसले. तीही सलग नाही, मिनिट-मिनिटाच्या तुकड्यांत. पुरुषांमध्ये फायदा एवढा स्पष्ट दिसला नाही. अर्थात हालचालीमुळेच हे झालं असं ठाम म्हणता येत नाही, आणि त्या बाया तिकडच्या. पण करून बघायला पैसा लागत नाही.

करायचं काय?

- दर दोनशे विड्या झाल्या की उठा. जिना असेल तर झपाझप एकदा वर-खाली. नसेल तर गल्लीच्या टोकापर्यंत भरभर जाऊन या.
- कारखान्यात माल द्यायला जाताना मधलं थोडं अंतर घाई असल्यासारखं चाला.
- रानात असाल तर बांधावरचा चढ एका दमात चढा.
- खूण सोपी : तुटक बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा पुरे, मग हळूहळू वाढवा.

हे आधी बघा

बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, गुडघेदुखी असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. तिशीनंतर बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. आणि मशेरी सोडा. तंबाखू दाताला लावली तरी हृदयाला बाधतेच.

छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणं, थंड घाम, विनाकारण दम लागणं, मळमळ यातलं काही अचानक झालं तर "पित्त असेल" म्हणून अंगावर काढू नका. लगेच १०८ ला फोन लावा. बायकांमध्ये कधी कधी छातीत न दुखताही अटॅक येतो.

घरातल्या पुरुषांनाही एक सांगणं : ती मिनिटभर उठली तर "माल कधी व्हायचा?" असं विचारू नका.