भूमिगत विद्युत् वितरण : खोली व भूसंपर्कन

विजेच्या केबली जमिनीखाली पुरेशा खोलीवर पुरणे आणि वितरण संचातील धातूचे उघडे भाग जमिनीशी कायमचे जोडून ठेवणे, हे विद्युत् अपघात टाळण्याचे दोन मूलभूत उपाय होत. दुसऱ्यास भूसंपर्कन किंवा व्यवहारात अर्थिंग म्हणतात. पहिल्या उपायामुळे माणूस विद्युत् भारित संवाहकापासून दूर राहतो; निरोधन बिघडून धातूच्या भागात वीज उतरलीच, तर दुसऱ्यामुळे त्या भागावरील विद्युत् दाब मर्यादित राहतो व सदोष मंडल बंद पडण्यास मदत होते. एका उपायाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

या दोन्ही बाबींचा कस समुद्रकाठच्या वस्तीत लागतो. मुंबई बंदरातील घारापुरी बेट (ता. उरण, जि. रायगड) याचे चांगले उदाहरण आहे. बेटावर राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्या आहेत. (यांपैकी मोराबंदर हे उरणजवळच्या मोरा बंदराहून वेगळे आहे.) फेब्रुवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् वितरण कंपनीने सु. साडेसात किमी. लांबीच्या, २२ किलोव्होल्ट दाबाच्या सागरी केबलीने बेटास वीज पोहोचविली. तत्पूर्वी रहिवाशांना जनित्राच्या रोज काही तासांच्या विजेवर भागवावे लागे. बेटाचा गाभा बेसाल्ट खडकाचा व किनारा खाऱ्या चिखलाचा आहे. अशा ठिकाणी काही मीटरच्या अंतरात जमिनीचे विद्युत् गुणधर्म पालटतात.

खोली : भारतीय मानक १२५५ नुसार जमिनीच्या पृष्ठभागापासून केबलीच्या माथ्यापर्यंतची किमान खोली नीच दाबाच्या केबलीसाठी ०·७५ मी., ३·३ ते ११ किलोव्होल्टसाठी ०·९ मी. आणि २२ व ३३ किलोव्होल्टसाठी १·०५ मी. असते. रस्त्याखाली ती किमान १ मी. ठेवतात. केबल वाळूच्या थरात ठेवून वर विटा किंवा फरश्या रचतात. कुदळ प्रथम त्यांवर आदळते आणि खोदणाऱ्यास वेळीच इशारा मिळतो. मात्र खोली वाढवीत नेणे सर्वथा हिताचे नसते. केबलीत निर्माण होणारी उष्णता खोलवर सावकाश बाहेर पडते व त्यामुळे केबलीची प्रवाहवहनक्षमता कमी होते. समुद्रतळावरील केबलीस नांगर व मासेमारीची जाळी यांपासून धोका असतो. म्हणून तिच्यावर धातूच्या तारांचे चिलखत असते.

भूसंपर्कन : यासाठी जमिनीत नळ, दांडा किंवा पत्रा यांच्या स्वरूपातील विद्युत् अग्र पुरतात. भारतीय मानक ३०४३ नुसार नळ किमान २·५ मी. लांब असावा, पत्रा निदान ६० × ६० सेंमी. असून त्याची वरची कड जमिनीखाली किमान १·५ मी. असावी. जमिनीचा वरचा थर उन्हाळ्यात सुकतो व त्याचा रोध वाढतो. अग्र खाली ओलसर थरापर्यंत नेण्याचे हेच कारण होय.

अग्राचा रोध मुख्यतः मातीवर अवलंबून असतो. २·५ मी. लांबीच्या नळाचा रोध ३० ओहम-मीटर रोधकतेच्या ओल्या मातीत सु. १० ओहम, तर १,००० ओहम-मीटरच्या खडकाळ जमिनीत ३०० ओहमांहून अधिक भरतो. दोष उद्भवल्यास २३० व्होल्ट दाबाने पहिल्या नळातून फार तर २३ अँपिअर, तर दुसऱ्यातून एक अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहील. एवढ्या प्रवाहाने वितळतार वितळत नाही आणि यंत्राचा सांगाडा भारित राहतो. अग्र पुरले म्हणजे सुरक्षितता आली, ही समजूत म्हणूनच घातक आहे. खडकाळ जमिनीत अनेक अग्रे पुरेशा अंतरावर पुरून एकमेकांस जोडतात. तसेच अल्प गळतीनेही मंडल तोडणारा, ईएलसीबी या नावाने परिचित असलेला खंडक बसवितात. माणसाच्या रक्षणासाठी तो सामान्यतः ३० मिलिअँपिअरचा असतो.

खाऱ्या चिखलात स्थिती उलट असते. तेथे रोध कमी भरतो. परंतु लोखंडी अग्र व त्याचे सांधे लवकर गंजतात. अग्राभोवती मीठ व कोळसा घालण्याच्या जुन्या पद्धतीतही हाच दोष आहे, शिवाय पावसात मीठ धुपून जाते. गंजलेला सांधा जमिनीत दिसत नाही व दिवे नेहमीप्रमाणे लागत राहतात. दोष अपघातानंतरच कळतो. म्हणून भूसंपर्कनाचा रोध ठराविक काळाने, विशेषतः उन्हाळ्यात, मोजणे आवश्यक असते.

गळती असलेल्या खांबाभोवती जमिनीवरही विद्युत् दाब पसरतो. खांबापासून जसजसे दूर जावे तसतसा तो घटतो. त्यामुळे चालणाऱ्याच्या दोन पावलांतील दाब भिन्न असतो. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर अधिक असल्याने त्यांना हा धोका माणसापेक्षा जास्त असतो. पावसाळ्यात खांबास गुरे न बांधण्याची सूचना याच कारणाने दिली जाते.

नियमन : रोहित्रे, चलित्रे इत्यादींच्या सांगाड्यांस जमिनीशी दोन स्वतंत्र जोडण्या असाव्यात, हे बंधन भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांत होते. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही ते कायम आहे. एक जोडणी तुटली तरी दुसरी शाबूत राहावी, हा त्यामागील हेतू होय.